चाचांचं अर्धं बोलणं

मिरजेतल्या आमच्या अण्णांच्या हातून कधी एक वायरसुद्धा कचऱ्यात गेली नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. भजनी मंडळांची गाणी रेकॉर्ड करायचा त्यांचा छोटा स्टुडिओ होता. तो बंद होऊन वर्षं लोटली, तरी खोलीभर माइक, केबली आणि पोट उघडं पडलेले कॉम्प्युटर. काकूंनी आवरायला घेतलं की म्हणायचे, "राहू दे गं. लागतंय कवातरी."

त्या पसाऱ्यात चाचांचा आवाजही होता. जवळच्याच गल्लीतले हे चाचा तंबोरे बनवायचे. एकदा गप्पा रंगल्या म्हणून अण्णांनी त्यांच्यापुढे माइक ठेवला होता. चाचा गेल्यावर त्यांची मुलगी रझिया ते रेकॉर्डिंग मागायला आली. "जरा साफ करून देतो, पोरी," अण्णा म्हणाले, आणि ते राहूनच गेलं. पुढे कॉम्प्युटर बंद पडला. मग अण्णा तिची गल्लीच टाळू लागले. दवाखान्यात जायचं तरी लांबच्या रस्त्यानं. काकू चिडवायच्या, तेव्हा म्हणायचे, "कुठलं तोंड दाखवू तिला?"

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला सांगलीच्या विश्रामबागेतून बोलावून घेतलं. "तुझ्या लॅपटॉपला त्या बंद कॉम्प्युटरची ही डिस्क जोडून बघ. चाचांचा आवाज हाय तिच्यात." डिस्क जुन्या धाटणीची, रुंद पट्टीच्या केबलची, लॅपटॉपला ती जोडायला जागाच नाही. सांगलीतून अडॅप्टर आणला, तरी डिस्क ढिम्म. लॅपटॉपची वीज तिला पुरत नव्हती. वेगळ्या वायरनं वीज दिली तेव्हा कुठे ती घरघरली. अण्णांनी माझा दंड घट्ट धरला.

चाचा बोलू लागले. तंबोऱ्यासाठी भोपळा कसा पारखायचा, ते रंगून सांगत होते. मग म्हणाले, "लोकं म्हणत्यात, ह्या कामाला पोरगाच पायजे. पर आमच्या रझियाचा कान..."

आणि अण्णांचाच करडा आवाज आला, "बास चाचा. पुढची मंडळी आल्यात." रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

अण्णांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकताना त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी विचारलं, "तुमचं वाक्य कापू का?"

"नको. मीच हाय तो. हाय तसं दे."

रझियाकडे जाताना रिक्षात मी सुचवलं, "चाचा पुढं तिचं कौतुकच करणार होते, असं सांगा की."

"मला काय ठावं? मेलेल्या माणसाच्या तोंडी मी काय घालू?"

चाचांनी रझियाला कामाला कधी बसवलं नव्हतं. तंबोरे आता तिचा चुलतभाऊ करतो. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं. "पुढं काय म्हणाले अब्बा?"

अण्णा खुर्चीवरून उठले. "मी बोलूच दिलं न्हाई, पोरी. मला घाई झाली हुती."

तिनं तेवढाच तुकडा परत ऐकला. "कान..." मग म्हणाली, "अब्बांचा आवाज तर परत आला. बसा अण्णा, च्या टाकते." अण्णांनी तो चहा खाली बघतच संपवला. तिनं दोन रागाचे शब्द बोलायला हवे होते, असं ते नंतर मला म्हणाले.

दिवाळीनंतर अण्णा गेले. रझिया भेटायला आली. अब्बांविषयी बोलू लागली, ती लहानपणापासून सगळं सांगत राहिली. आत कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि "हं, पुढं?" म्हणत पुन्हा तिच्यासमोर बसल्या.