स्लॅबचा इतवार

विहारावर स्लॅब टाकायचं ठरलं त्या उन्हाळ्यात मला अन्न गोड लागत नव्हतं.

केनवडच्या पुढं आमचं गाव. मी रिसोडला एका सरकारी ऑफिसात कारकून होतो, तोही सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर. आमच्या वस्तीत पगारदार मी एकटाच. म्हणून कोणतं काम कोणत्या दिवशी, कोण कोण येणार, काय कधी आणायचं, हे सगळं विहार कमिटीनं माझ्या गळ्यात घातलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. वर्षभर खेटे घालून मिळालेली पोती शेजारच्या घरात फळ्यांवर रचून ठेवली होती. मृगाच्या आत स्लॅब पडला नाही तर त्यांचे दगड होणार, आणि पुन्हा परमिट देतो कोण? ऑफिसला निघताना मी रोज पोती बोटांनी दाबून पाहायचो. घरचे हसायचे.

हे सगळं मांडायचं कशावर, हा पहिला घोर. अकोल्याला एका साहेबांच्या केबिनमध्ये मी फळा पाहिला होता. डाव्या बाजूला कामं, वर तारखा, आणि मधे सरकवायच्या रंगीत पट्ट्या. तसा फळा आपला असावा असं लय मनात होतं. स्टेशनरीच्या दुकानदारानं भाव सांगितला आणि मी मुकाट्यानं पायऱ्या उतरलो. छापील वही होती, पण मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशातून रेघा मारलेले कागद घेणं जिवावर आलं. शेवटी रिसोडच्या एका किराणा दुकानातून फुकटचं भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. मोठाले चौकोन, पेन्सिलीनं लिहायला भरपूर जागा. एक पैसा न घालवता काम झालं, असं मी कमिटीत दोनदा ऐकवलं.

स्लॅब एका दमात टाकावा लागतो. मधे थांबलं की सांधा राहतो आणि तिथूनच पुढं गळतं. म्हणजे चाळीस माणसं एकाच दिवशी हवीत. मी कॅलेंडरवरचा एक लाल चौकोन धरला, इतवारचा. सगळ्यांना तारीख सांगितली, सगळ्यांनी माना हलवल्या.

त्या इतवारी पंधरा माणसं आली. माझी माय त्यात होती. मिस्त्रीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि एवढ्या माणसांत होत नाही म्हणून घरी गेला. स्लॅबखाली लावलेल्या सेंट्रिंगच्या पत्र्यांचा मालक, तोवर स्लॅब पडला नाही तर, पत्रे पुढच्या शनिवारी काढून नेणार होता, ते दुसऱ्या कामाला कबूल केलेले. माझं डोकं सणकलं. संध्याकाळी मीटिंगमध्ये मी नाही नाही ते बोललो. समाजाच्या कामाला एक दिवस निघत नाही, मग विहार कोणासाठी बांधतो आपण, लाजा कशा वाटत नाहीत? मला कोणीच उलटून बोललं नाही. म्हातारे खाली पाहत बसले. मला वाटलं, चांगलं झोंबलं यांना.

घरी माय भाकरी थापत होती. माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "बाबू, इतवार तुह्या हापिसाचा हाय. आमाले सुटी बाजाराच्या दिवशी असते. तुह्या मुलायजानं कोणी बोलून नाई राह्यलं."

अरे, मी कामावरच्या मजुरांच्या हजेरीचे मस्टर उतरवणारा माणूस! दर आठवड्याला गुरुवारचा रकाना कोरा असायचा, कारण गुरुवारी बाजार. तो कोरा रकाना मी किती तरी वेळा स्वतःच्या हातानं सोडला होता. नोकरी लागून दोन वर्षं झाली नाहीत तर माझा आठवडा माझ्याच लोकांपासून वेगळा झाला होता. आलेले पंधरा जण त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आले होते, मायसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन माफी मागितली. येता गुरुवार ठरला. बाजार बुडवून सगळे यायला तयार झाले. आता गुरुवारी मला रजा हवी होती, आणि नेमका त्याच दिवशी वरचा अधिकारी तपासणीला यायचा होता. साहेबांनी रजेचा अर्ज वाचून परत सरकवला. जायचं तर जा म्हणाले, पण पुढच्या ऑर्डरीचं मग मला विचारू नको. लोकांचा दिवस मी पेन्सिलीच्या एका फराट्यानं घेतला होता. स्वतःचा द्यायची वेळ आली तर मी अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू जाय हापिसात. चाळीसात एक कमी पडल्यानं काई अडत नाई." मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

गुरुवारी दिवसभर माझं निम्मं लक्ष खिडकीबाहेर होतं. दुपारी तर आभाळही भरून आलं. अधिकारी काय विचारत होता आणि मी काय सांगत होतो, आठवत नाही. सुटल्यावर सायकल अशी हाणली की गावात शिरेपर्यंत धाप लागली.

स्लॅब पडला होता. सांधा न ठेवता, एका दमात. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कमिटीचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले की नियोजन पोरानं चांगलं केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माय एका कडेला बसली होती. मी जवळ जाऊन टेकलो तशी हळूच म्हणाली, "तुह्या वाटचे घमेले बी मीच वाहिले. आपल्या घरचं कमी नाई पडू देलं."

मी तिला हात दाखव म्हटलं. दिवसभरच्या सिमेंटनं बोटं फुटली असणार, मला ठाऊक होतं. तिनं दोन्ही हात लुगड्याच्या पदराखाली घेतले आणि मला विचारलं, साहेब रागावले तं नाई ना?