संदर्भात नसलेला माणूस

पेण-रोहा एसटीत तो रोज माझ्या शेजारी बसायचा, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होता. मोबाइलवर कुठलातरी शोधनिबंध उघडायचा आणि थेट शेवटी जायचा, जिथे संदर्भ दिलेले असतात. अंगठ्याने सावकाश एकेक ओळ सरकवायचा, मग ओठ आवळून मोबाइल खिशात टाकायचा.

एकदा मी विचारलंच. खाडीचं पाणी किती खारं होईल याचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर त्याने घरी बसून एकट्याने लिहिलं होतं आणि जगाला फुकट देऊन टाकलं होतं. सोबत एवढीच विनंती, की निबंधासाठी वापरलंत तर उल्लेख करा.

"हा निबंध बघा, धरमतरच्या खाडीवरचा. सगळे आलेख माझ्या सॉफ्टवेअरचे. होडीवाल्याचे आभार हायत, विकतच्या सॉफ्टवेअरचं नाव हाय, माझं नाय. लोक गणपती घरी नेतात तेव्हा सांगतात तरी, पेणचा हाय म्हणून."

"मग त्यांना लिहा ना!" चिडले मीच.

"लिवलं ना, मॅडम. ते प्राध्यापक म्हणाले, फुकटच्या गोष्टीचा कसला संदर्भ?"

तेवढ्यात त्याच प्राध्यापकांचा मेल आला. सॉफ्टवेअर अडकलंय, ताबडतोब बघा.

"बिघडलं की माझा पत्ता बरोबर सापडतो," तो म्हणाला, आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मला तो हिसकावून बंद करावासा वाटला.

रोहा येईपर्यंत त्याने दुरुस्ती पाठवलीसुद्धा. लगेच उत्तर आलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"थँक्स, टीम."