बेंबी नव्हे, स्नायू

"पोट कोणी चोळलं तुमचं?" सोनोग्राफी करता करता डॉक्टरांनी विचारलं. आईनेच चोळायला लावलं, हे कसं सांगणार?

झालं होतं असं. अमरावतीच्या टेनिस कोर्टवर सर्व्हिस करताना बेंबीच्या डावीकडे जोरात कळ आली. मी शिक्षिका, वय अडतीस, एकटी राहते. रविवारी मोर्शीला आईकडे गेले. तिने बघताक्षणी निकाल दिला, "बेंबी सरकली तुही." शेजारच्या आजींनी तेल लावून, अंगठा रोवून ती 'जागेवर' बसवली. मी ओरडले, तर आई म्हणते, "जागेवर बसून राहिली, म्हणून दुखून राहिलं." दुसऱ्या दिवशी मला शिंकताही येईना.

डॉक्टर म्हणाले, "रेक्टस ॲब्डोमिनिस स्ट्रेन." म्हणजे पोटावरच्या उभ्या स्नायूचे तंतू फाटले होते. उजव्या हाताने सर्व्हिस करणाऱ्यांचा बहुधा डावा स्नायू जातो. चोळल्यामुळे आत रक्त साकळलं होतं. तेव्हा पोटात कळ आली, तर आधी डॉक्टर गाठा, तेलाची वाटी नंतर.

मला भीती एकच होती. वैशाली आणि मी नऊ वर्षं डबल्स खेळतोय. माझी सर्व्हिस गेली, तर जोडी गेली. स्पर्धा तोंडावर होती, तिने दुसरी पार्टनर घेतली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तरी मी रुसले आणि तिचा फोन उचलणं बंद केलं.

हे दुखणं दिसत नाही. प्लास्टर नाही, काठी नाही. शाळेत सगळ्यांना वाटायचं, बाईंना सुट्टी हवी असेल. मी घरी यायची, वरण-भात खायची, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायची. सरळ उठून बसायचं नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

दर शनिवारी बसने अकोल्याला, खेळाडूंसाठीच्या फिजिओथेरपीला. पहिले व्यायाम आयसोमेट्रिक, म्हणजे न हलता स्नायू आवळून धरायचा. मग प्लँक, म्हणजे कोपरांवर अंग तोलून धरायचं, मग हलके फोरहँड. सर्व्हिस सगळ्यात शेवटी. बाहेरच्या बाकावर प्रत्येकाबरोबर कोणीतरी असायचं, निदान पिशवी धरायला. काउंटरवरची मुलगी दर वेळी विचारायची, "सोबत कोण?" मी दर वेळी "कोणी नाही" म्हणायची. तिसऱ्यांदा तर तिने विचारायच्या आधीच म्हणून टाकलं.

दहाव्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी तपासलं. "खोकताना दुखते?"

"नाही."

"शिंकताना?"

"नाही."

"हसताना?"

"हसून बघितलं नाही," मी म्हणाले. दोन महिन्यांत मी हसलेच नव्हते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ते बघून सांगा. मग सर्व्हिस सुरू करू."

अकोल्याच्या बसस्टँडवर मी वैशालीला फोन लावला. काय बोलायचं, ते ठरलं नव्हतं.

"काहून वं, जित्ती हायेस?" ती कडाडली. "इकडं माह्या जिवाचे हाल! तुह्या जागी जिले घेतलं ना, थे बॉल मारून नाही राहिली, माशा हाकलून राहिली! कवा येतं तू?"

मी खदखदून हसले. शेजारी बसलेल्या मावशी बघत राहिल्या. पोट दुखलं नाही. डोळे मात्र असे भरून आले, की "उद्या" एवढंच कसंबसं म्हणता आलं.