‘नंतर कोण’चा रकाना

पंधरा वर्षं वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काढून मी थोरल्या भावाच्या वर्कशॉपचं ऑफिस बघू लागले. भिंगारच्या अलीकडे पत्र्याची शेड, अकरा माणसं. दूध संकलन केंद्रांची यंत्रं तिथं दुरुस्त होतात. भावाला दुसरी शेड जिल्ह्यातच, बेलापूरला टाकायची होती. तो म्हणाला, "तू बातम्या लिहायचीस ना? मग हेही लिही. पाच वर्षांनी इथं कोण काय करेल."

चार दिवस शेडमध्ये बसून मी टिपणं काढली. तीन रकाने केले : काम, आज कोण, नंतर कोण. अवघड ओळ मिस्त्रींची होती. दुधातली साय काढणाऱ्या सेपरेटरचा ड्रम थरथरणार नाही असा जुळवणं त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. चालू यंत्राच्या बुडाला तळहात लावून ते चूक कुठं आहे ते सांगत. वय एकोणसाठ. त्यांच्यापुढे मी लेथ चालवणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं. हात स्थिर, विचारून घ्यायची सवय. सोमवारी सकाळी यादी हजेरीच्या फळ्याशेजारी लावली.

मिस्त्रींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कोण वारलं?"

कुणालाच कळेना.

"न्हाई, वारसनोंदीची नोटीस अशीच लागती चावडीवर. पण मानूस गेल्यावर. हितं आदीच लावली."

"मामा, तुम्ही तर आमच्याहून ठणठणीत," लेथवाल्या बाई म्हणाल्या.

"तू बोलू नगं. वारस तूच हायेस."

हशा झाला. विषय संपला, असं मी समजले. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री डबा न उघडताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बेलापूरहून एका डेअरीचा सेपरेटर टेम्पोतून उतरला. लेथवाल्या बाईंनी तो जुळवला, बटण दाबलं आणि लगेच बंद केलं. सगळा सांगाडा हलत होता.

"तुझी यादी बरोबर आहे," भाऊ मला म्हणाला. "फक्त ‘नंतर’ अजून आलेलं नाही."

संध्याकाळी आम्ही दोघं मिस्त्रींच्या गावी गेलो. ते गाईपुढे कडबा टाकत होते. भावाने सगळं समजावून सांगितलं. काढून टाकायचा विचार नाही, फक्त शिकवा.

"शिकवायला माझी ना न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पण माझ्यानंतर ती, हे कागदात हाय. मंग मी नंतर कुठं?"

"तुम्ही आहातच की, मिस्त्री."

"कुठल्या वळीत?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. घडी घालून आणलेली यादी मी उघडली, अकराही ओळी वाचल्या. ‘नंतर कोण’च्या रकान्यात ते कुठंच नव्हते. चार दिवस मी त्यांच्याबद्दल सगळ्यांना विचारलं होतं. त्यांना नाही. डेस्कवर अशी बातमी मी परत पाठवली असती.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? कुनी इचारलंच न्हाई कधी."

"बेलापूरची शेड बघाल?" भावाने विचारलं.

"लई लांब हाय."

"मग इथंच राहा."

"हितं ती असंल की."

चहा आला. तो घेऊन आम्ही निघालो. होकार मिळाला की नकार, ते परतीच्या रस्त्यात आम्हाला ठरवता आलं नाही.

सकाळी आठला मिस्त्री आले. डबा खिळ्याला अडकवला. ड्रम उघडून पुन्हा मुद्दाम अर्धवट जुळवला, तसाच चालू केला आणि लेथवाल्या बाईंना म्हणाले, "हात ठेव बुडाला. काय कळतं?"

"काहीच नाही, मामा."

"ठेव तसाच."

मी यादी टेबलावर पसरली आणि पट्टीने मिस्त्रींसाठी चौथा रकाना आखला. त्यावर काय लिहायचं, ते मला सुचेना. बाहेर यंत्र थरथरत होतं. बाईंचा हात तिथंच होता.