मोटारसायकलची बाळंतपणाची रजा

विषय : श्रीमती गिरिजाबाई, फील्ड असिस्टंट, यांनी बाळंतपणानंतर शासकीय मोटारसायकल पुन्हा चालविण्याबाबत.

संदर्भ : १) वाहन नोंदवही. २) निम्नस्वाक्षरीकाराची स्मरणशक्ती, बरीचशी शाबूत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, कचेरीत कामापेक्षा किस्से जास्त साठतात. कामाची फाईल निदान वर जाते, खाली येते, हरवते. किस्सा कुठेच जात नाही. माणूस निवृत्त झाला आणि चार लोकांत बसला की पहिला तोच बाहेर येतो.

आमची कचेरी तंजावूरची. खात्याचं नाव सांगत नाही, कारण खात्यातले लोक अजून मला कॉफीला बोलावतात. खातं शेतीचं होतं, आणि बियाण्यासाठी लावलेलं भात शेतात नीट वाढतंय की नाही हे बघणं आमचं काम होतं. दिल्लीत सगळं खुलं झालं, परवान्यांचं राज्य संपलं, असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. पेपर आमच्या कचेरीत बरोबर दहाला यायचा. बातमी काही आली नाही!

*

गिरिजा राजवाड्यामागच्या गल्लीतली, आमच्याच मराठी घरांपैकी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि रागावली की इंग्रजी. मला मामा म्हणायची. तिला ओरत्तनाडुचा भाग मिळाला. फील्ड असिस्टंटला मोटारसायकल द्यावी, असा नियम होता. बाईला देऊ नये असा नियम आमचे सुपरिंटेंडेंट नटराजन दोन दिवस शोधत होते. मिळाला नाही. बाई मोटारसायकल मागेल हे नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

"नियमात नाही, म्हणून नाकारताही येत नाही," नटराजन दुःखाने म्हणाले. ते तमिळमध्ये म्हणाले, दुःख तेवढंच होतं.

मोटारसायकल काळी आणि जड. किक मारली की ती उलटून पिंढरीवर परत यायची. गिरिजा चुडीदार घालून, ओढणी कमरेला बांधून आठवड्यात शिकली. तोवरचे असिस्टंट बसने जात. बस कधी येते हे शेतकऱ्यांना ठाऊक असे, आणि त्या वेळेपुरतं शेत नीटनेटकं असे. महिन्याभरात ओरत्तनाडुहून सामुदायिक तक्रार आली : "ही अम्मा न कळवता केव्हाही येते. कृपया हिला बसने पाठवावे."

ती तक्रार मी 'प्रशस्तिपत्रे' या फाईलला लावली.

*

मग लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी गिरिजा बाळंतपणाच्या रजेवर गेली. मोटारसायकल तिच्याच घराच्या ओसरीसमोर उभी राहिली. वाहन नोंदवही माझ्याकडे. तिच्यात एक रकाना असे, 'वाहन न वापरण्याचे कारण'. आजवर त्यात दोनच कारणं लिहिली गेली होती : 'नादुरुस्त' आणि 'पेट्रोल नाही'. त्या दिवशी वाहन दुरुस्त होतं आणि टाकी भरलेली होती. मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं, 'मॅटर्निटी लीव्ह', आणि खाली सही केली.

नटराजननी न वाचता सही केली. साहेबांनी, म्हणजे आमच्या डेप्युटी डायरेक्टरांनी, नटराजनची सही बघून सही केली. तीन सह्या झाल्या की कागद खरा होतो.

*

रजा संपवून गिरिजा परत आली ती हात हलवत, बसने.

"वण्डी कोठे आहे?" मी विचारलं. वण्डी म्हणजे तमिळमध्ये गाडी.

"घरीच आहे, मामा. काल चालू केली. कोपऱ्यापर्यंत गेले. समोरून साधी टाउन बस आली आणि मी वण्डीसकट शेजाऱ्यांच्या रांगोळीवर आडवी झाले."

"लागलं?"

"रांगोळीला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पूर्वी पडले असते तर एकटी पडले असते. आता वाटतं, सगळं घर घेऊन पडेन."

मी तिचा जॉइनिंग रिपोर्ट दोनदा वाचला.

पंचाईत खरी होती. बाळ बाटली तोंडात धरत नसे. दुपारी बाराला गिरिजा घरी हवीच. बसने ओरत्तनाडुला गेलं, शेतं फिरलं, तर परतायला संध्याकाळ. मोटारसायकल चालली तरच फील्ड. नाहीतर रेकॉर्ड रूम. नटराजननी तिची तिथली खुर्ची पुसूनही ठेवली होती.

"सांबाची, म्हणजे मोठ्या हंगामाच्या भाताची, तपासणी सुरू होईपर्यंत वाट बघतो," ते म्हणाले. "मग मीच तुझी सोय करतो अम्मा. रेकॉर्ड रूममध्ये पंखाही आहे."

पंखा होता. त्या खोलीत गेलेली फाईल आणि गेलेला माणूस मात्र आजवर बाहेर आला नव्हता.

*

कचेरीत आत्मविश्वासाचे तज्ज्ञ किती आहेत ते त्या आठवड्यात कळलं. टायपिस्ट म्हणाला, डोळे मिटून किक मारा. शिपाई म्हणाला, डोळे मिटू नका. नटराजन म्हणाले, "मनात संकल्प केला की सगळं जमतं." नटराजनना सायकलही येत नव्हती. ते रोज मुलीच्या मोपेडवर मागे बसून येत, आणि वळण आलं की उतरून चालत.

गिरिजाची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आमच्याकडे या बाजूला अशी लग्नं होतात, त्यामुळे सुनेला ओरडताना आत्याबाईंना माहेर आणि सासर दोन्हीकडचा अधिकार. "मोटारसायकल नको गे आता," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "दृष्ट लागली आहे." त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवून चिरडवली, कापूर ओवाळला, आणि बाळाच्या गालाला काजळाची तीट लावताना तेच बोट मोटारसायकलच्या दिव्यालाही लावलं.

मोटारसायकल तपासायला कचेरीत ढकलत आणली, तेव्हा नटराजनना ती तीट दिसली. मेमो निघाला : "शासकीय मालमत्तेवर काळा ठिपका कोणाच्या आदेशाने लावण्यात आला?"

गिरिजाने खाली लिहिलं, "आत्याच्या."

नटराजननी 'आत्या' हे पद कोणत्या श्रेणीत येतं, हे मला तोंडी विचारलं. मी म्हटलं, सार, आमच्या घरांत तरी सगळ्यांच्या वर.

*

गिरिजाने सकाळी गल्लीत सराव सुरू केला. पहिल्या दिवशी एक फेरी, पहिल्या गिअरमध्ये. सेतुराव, म्हणजे तिचा नवरा, बाजूने पळत. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, त्यामुळे पळता पळता सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी समजावून सांगायचा. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली आणि गिरिजाचं चालवणं लगेच सुधारलं.

आत्याबाई दारात बाळाला घेऊन उभ्या राहत आणि गाडी समोरून गेली की तोंड फिरवत. पण बाळ मात्र त्या आवाजाला सरावलं. दोन फेऱ्या झाल्या की खांद्यावर मान टाकून गाढ झोपायचं.

एके दिवशी गिरिजाचा धीर पुन्हा सुटला. आदल्या दिवशी एक कुत्रं आडवं आलं होतं. ती म्हणाली, आज राहू दे. बाळ झोपेना. पाळणा झाला, ओवी झाली, शेजारच्या मामींचं तमिळ अंगाईगीत झालं. तासाभराने आत्याबाईंनी स्वतः ओसरीवरून चावी आणून सुनेच्या हातात ठेवली.

"जा गे. एक फेरी मारून ये."

"भीती वाटते, आत्या."

"मग भीत भीत जा. पण आवाज मोठा कर!"

त्या दिवशी गिरिजा पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये गेली. मग तिसऱ्या.

*

आता गिरिजा गल्ली ओलांडून पेरिय कोविलपर्यंत, म्हणजे मोठ्या देवळापर्यंत जाऊन येऊ लागली होती. तिने अर्ज दिला : मी फील्डला जायला तयार आहे. नटराजननी नोंदवही उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

"राव सार!" ते माझ्यावर ओरडले. "वाहन मॅटर्निटी लीव्हवर आहे?"

"लिहिण्यात चूक झाली, सार. खोडून टाकतो."

"तीन सह्या आहेत. खोडणार कशी? रजेवर गेलेलं वाहन नुसतं येऊन कामाला लागत नाही. फिटनेस सर्टिफिकेट लागतं. रजा बाळंतपणाची, म्हणजे डॉक्टरचं."

गिरिजा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, मी फक्त बायका तपासते. मेकॅनिककडे गेली. तो म्हणाला, "अक्का, इंजिन फर्स्टक्लास आहे, लिहून देतो. पण बाळंतपणाचं मला काही कळत नाही."

शेवटी मी मद्रासच्या मुख्य कचेरीला अर्ज केला : वाहन नोंदवहीतील चुकीची नोंद दुरुस्त करण्याची परवानगी मिळावी. तीन प्रती. उत्तर येईपर्यंत वाहनाला शासकीय कामावर जाता येणार नाही, असं नटराजननी ठरवलं. आणि सांबाची तपासणी सोमवारी सुरू होणार होती. त्यांनी रेकॉर्ड रूमची ऑर्डर टाइप करायला दिली.

गिरिजा माझ्या टेबलाशी आली. "मामा, भीती गेली तर वही आडवी आली." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

सोमवारी सकाळी नऊला मद्रासहून आलेल्या डायरेक्टरांचा फोन आला. ते मुक्कामाहून परस्पर ओरत्तनाडुला निघाले होते. जुन्या अन्नछत्राजवळचा बियाण्याचा प्लॉट दहा वाजता बघणार होते. आमचे साहेब धावत जीपकडे गेले. जीपखालून ड्रायव्हरचे फक्त पाय दिसत होते.

"किती वेळ लागेल?"

पाय म्हणाले, "दुपार, सार."

बस निघून गेली होती. टॅक्सी मिळेना. अंगणात एकच चालती वस्तू होती. गिरिजा नोंदवहीचं काय झालं ते विचारायला मोटारसायकलवरून आली होती, आणि रेकॉर्ड रूमची ऑर्डर सहीसाठी साहेबांच्या टेबलावर पडली होती.

"सार, ते वाहन रजेवर आहे!" नटराजन ओरडले.

साहेब मागे बसले. साहेब देहाने त्यांच्या पदाला शोभतील असे होते. मोटारसायकल खाली दबली. बाळंतपणानंतर गिरिजा मोठ्या देवळापलीकडे गेली नव्हती, आणि आता बावीस किलोमीटर, लॉऱ्या, बैलगाड्या, आणि मागे डेप्युटी डायरेक्टर. तिने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली.

पुढचं तिने सांगितलेलं सांगतो. गावाबाहेर पहिली लॉरी आली तशी साहेबांनी तिचे खांदे गच्च धरले आणि "मुरुगा! मुरुगा!" सुरू केलं. कालव्याच्या पुलावर पेंढ्याची गाडी रस्ताभर पसरून येत होती.

"थांब अम्मा, थांब! मला दोन मुलं आहेत!"

"मला एक आहे, सार. तुम्ही खांदे सोडा, मला हँडल वळवायचं आहे."

साहेबांनी खांदे सोडले आणि डोळे मिटले. गाडी गेली.

"मामा, मागे माझ्यापेक्षा घाबरलेला माणूस बसला होता," गिरिजा म्हणाली. "घाबरायला मला जागाच उरली नाही!"

दहाच्या ठोक्याला दोघं प्लॉटवर. पाठोपाठ डायरेक्टरांची गाडी आली. जात कोणती, पेरणी कधी, भेसळ किती, सगळं त्यांनी साहेबांना विचारलं आणि सगळी उत्तरं गिरिजाने दिली. "गुड," म्हणून डायरेक्टर गेले. परतीला साहेबांनी बस पसंत केली. गिरिजा बाराच्या आत घरी होती.

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्याची डायरी लिहायला बसले. रकाना : 'प्रवासाचे साधन'. जीप लिहावी तर ती नादुरुस्त म्हणून नोंदलेली. बस लिहावी तर त्या वेळेला बस नाही. मोटारसायकल लिहावी तर ती रजेवर. साहेबांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं : "निघालो ९.२०. पोहोचलो १०.००. पायी."

नटराजननी तपासून सही केली. मी आवक क्रमांक टाकून सही केली. तीन सह्या झाल्या.

बुधवारी ऑर्डर निघाली. रेकॉर्ड रूमची नव्हे. नटराजनचीच भाषा होती : "ओरत्तनाडु हे पायी चाळीस मिनिटांच्या अंतरावर असल्याचे वरिष्ठांच्या डायरीवरून सिद्ध होत असल्याने फील्ड असिस्टंट श्रीमती गिरिजाबाई यांना शासकीय कामासाठी वाहनाची आवश्यकता दिसून येत नाही. त्यांनी उद्यापासून रोज पायी फील्डवर जावे व दुपारपूर्वी पायी परत यावे."

गिरिजाने ऑर्डर उभ्यानेच वाचली, पोच म्हणून सही केली, ओढणी कमरेला बांधली आणि अंगणात जाऊन किक मारली.

नोंद दुरुस्त करण्याच्या परवानगीचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.