बाहेर ठेवलेले बूट

मी सोळा वर्षांची असताना एका मुलीचे बूट हरवले. माझ्यामुळे हरवले, आणि जेमतेम अर्ध्या तासात सापडलेही. तरी तो गुरुवार मी अजून विसरलेले नाही.

ओ-लेव्हलची, म्हणजे सिंगापूरमधली दहावीची, परीक्षा संपली होती आणि निकालापर्यंत सुट्टी होती. वर्गातल्या मुली कपड्यांच्या दुकानांत, कॅफेंत कामाला लागल्या. मला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटायची, म्हणून मी एका जुन्या मॉलमधल्या आइस रिंकवर भाड्याचे स्केट्स द्यायचं काम धरलं. तिथे फक्त साइझ विचारायचा, बूट द्यायचे, परत आले की पाती पुसून जागेवर ठेवायचे. बाहेर चौतीस डिग्री आणि आत मी स्वेटर घालून. आईला ते फार विचित्र वाटायचं. “सिंगापूरला येऊन माझ्या पोरीला सर्दी झाली,” असं ती पुण्याला फोनवर सांगायची.

सकाळी रिंक लोकांसाठी उघडण्याआधी एक इटालियन मुलगी सरावाला यायची. माझ्याहून वर्षाने मोठी. तिचे वडील वन-नॉर्थ भागातल्या कुठल्याशा संशोधन संस्थेत दोन वर्षांसाठी आले होते. पहिले काही दिवस मी काउंटरमागून नुसती बघायचे. तिच्याबरोबर कोच नसायचा. कठड्यावर कागद चिकटवलेला असायचा, त्यावर इटलीतल्या कोचने ईमेलने पाठवलेला त्या दिवसाचा सराव. ती एक उडी मारायची, पडायची, उठून कागद बघायची, पुन्हा तीच उडी. पडल्याचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये केवढा मोठा यायचा. ती चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही. त्यामुळेच बहुधा मला ती आवडली.

हळूहळू बोलणं सुरू झालं. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तिचं अडखळत, माझं हळू. डोंगरातल्या एका लहान गावात ती सात वर्षांची असल्यापासून स्केटिंग करत होती. बाराव्या वर्षी देशातल्या तिच्या वयाच्या मुलींत दुसरी आली. वर्तमानपत्रात फोटो आला, गावातल्या बेकरीवाल्याने वर्षभर पैसे घेतले नाहीत. मग एका वर्षात उंची भराभर वाढली आणि सगळ्या उड्या बिघडल्या. “रोज वेगळंच कुणाचं तरी अंग घेऊन बर्फावर जायचे,” ती म्हणाली. त्यानंतर सिंगापूर. आता डिसेंबरमध्ये इटलीत राष्ट्रीय स्पर्धा होती. पहिल्या सहांत आली तर संघात जागा, आणि मग कोचच्या घरी राहून पुढे खेळायची घरच्यांची परवानगी. नाही आली तर बस्स. इथे राहून शाळा पूर्ण करायची. आईवडिलांशी तसं ठरलं होतं.

तिने मला बुटांबद्दलही सांगितलं. भाड्याचे बूट आणि तिचे बूट यांत काहीच सारखं नव्हतं. तिचे पायाच्या मापाने बनवलेले, पांढऱ्या चामड्याचे. वापरून मऊ होऊन पायाला बसायला दोन महिने लागलेले. पातं तळव्याला नेमकं कुठे बसवायचं ते कोचने आठवडाभर पुढेमागे सरकवून ठरवलेलं. “बूट नजरेआड करायचे नाहीत,” ती म्हणाली. “विमानात मी चड्डीशिवाय जाईन, बुटांशिवाय नाही.” मी लाजले आणि हसले. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

ती ज्या दिवशी निघणार होती तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. विमान संध्याकाळचं. मी घरी तिच्याबद्दल इतकं बोलत असे की आईने फर्मान काढलं, “तिला जेवायला घेऊन ये. एवढी परीक्षेला निघालीय पोर, हातावर दही-साखर तरी घालू दे.” स्पर्धेला आई परीक्षाच म्हणायची.

सकाळचा शेवटचा सराव करून आम्ही क्लेमेंटीला आमच्या फ्लॅटवर आलो. तिची सूटकेस तिच्या घरी, कॉन्डोवर, भरून तयार होती. स्केट्स तेवढे कापडी पिशवीत, कारण सरावानंतर बूट आतून ओले असतात, ते सुकवून शेवटी बॅगेत टाकायचे होते. दार उघडलं की लगेच आमचा हॉल, आणि त्या दिवशी दारासमोरच महालक्ष्मीचा घट मांडलेला. कलश, नारळ, पाच प्रकारची पानं, पुढे रांगोळी. आईने लिटल इंडियातून वेणीसुद्धा आणली होती. मुलगी बघतच राहिली. तिने आपले कॅनव्हासचे बूट बाहेर काढले, पिशवी दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवली आणि हात धुवायला गेली.

पिशवी घटापासून दोन हातांवर होती. तोंड उघडं, आतून चामड्याचा ओला वास. आमच्या घरात पादत्राणं आत येत नाहीत. लहानपणापासून मी एकदाही आणली नव्हती. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. पिशवी उचलली, बाहेर कॉरिडॉरमध्ये नेली, बूट बाहेर काढून चपलांच्या रॅकवर टाचा भिंतीला लावून ओळीत ठेवले. पिशवी घडी करून शेजारी. वारा चांगला होता. सुकतील, असंही मनात आलं असेल. आत येऊन मी दार लावलं.

आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिचा उपास होता, पण आमच्या ताटात शिरा, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. मुलगी आधी नको नको म्हणाली, कारण कोचने खाण्याचाही कागद दिला होता. मग सहा पुऱ्या खाल्ल्या.

“काय गं, ही उडी मारणार कशी आता?” आई मला मराठीत म्हणाली.

“आंटी काय म्हणतात?”

“अजून एक घे म्हणतेय.”

खालून कुठूनतरी कारुंग-गुनीचा पोंपों भोंगा ऐकू आला. हा इथला रद्दी-भंगारवाला. महिन्यातून एकदा मजल्यामजल्यावरून जायचा. आम्ही तिघींनी तो ऐकला. कुणाला काही वाटलं नाही.

निघताना आईने तिला देवीसमोर उभं केलं, कुंकू लावलं, उजव्या हातावर दही-साखर घातली. “ऑल इन वन टाइम,” आई म्हणाली आणि तोंडाकडे हात नेऊन दाखवला. ती हसत होती. मी दार उघडलं.

रॅकवर आमच्या चपला होत्या. तिचे कॅनव्हासचे बूट होते. मधे एक रिकामी जागा होती, दोन बुटांएवढी. घडी केलेली पिशवीही नव्हती.

मला ऐकू येणं बंद झालं. खरंच. शेजारच्या आंटींचं तोंड हललेलं दिसलं आणि शब्द मागाहून आले. आंटी आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी जुना टेबलफॅन आणि पेपरांचे गठ्ठे आमच्या रॅकला लागूनच ठेवले होते. “कारुंग-गुनी आत्ताच गेला लाह. मी म्हटलं, ऑल टेक. व्हाय? तुमचं पण काही नेलं?”

मुलीने मूठ मिटली, दही-साखरेसकट, आणि ती जिन्याने धावली. आमचं घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त पाचव्या नि नवव्यावर थांबायची. मी तिच्या मागे. मला फक्त तिच्या अनवाणी पायांचा आवाज ऐकू येत होता.

तो इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, खांबाजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. म्हातारा, गळ्यात टॉवेल. शेजारी ढकलगाडी. त्याच्या मांडीवर पांढरा बूट पालथा होता आणि तो स्क्रू-ड्रायव्हरने शांतपणे स्क्रू काढत होता. एक पातं आधीच सुटून पेपरांवर पडलं होतं. दुसरं त्याने आमच्यासमोर काढलं. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचा स्क्रू राहिला होता, आणि आमच्या दोघींच्या तोंडून आवाजच फुटला नाही. बुटांच्या तळव्यांवर छोटी छोटी भोकं राहिली.

बिचाऱ्याची काही चूक नव्हती. लोखंड वेगळं, बूट वेगळे, हाच त्याचा धंदा. आमचे चेहरे बघून तोच घाबरला. डब्यातून स्क्रू शोधून शोधून काढायला लागला, पण त्या डब्यात शंभर प्रकारचे स्क्रू होते. मुलगी जमिनीवर बसली. एक बूट उचलून तिने त्यात हात घातला आणि तसाच ठेवला. चामड्यावर दह्याचा डाग पडला.

तेवढ्यात आई जिना उतरून आली. पूजेची साडी, धाप लागलेली. तिने पाती बघितली, बूट बघितले.

“माय मिस्टेक,” ती म्हणाली. “आय केप्ट आउटसाइड. अवर हाउस, शूज आउटसाइड. माय मिस्टेक, बेटा.”

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाचवण्यासाठी ती हे बोलते आहे, हे मला लगेच कळलं. म्हणजे तसं मला वाटलं. मी तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही.

टॅक्सी करून आम्ही रिंकवर गेलो. तिथे पात्यांना धार लावणारे अंकल होते. त्यांनी बूट हातात घेऊन तळव्यांवरची भोकं अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, “घट्ट मी बसवतो. पण भोकं सैल झालीत, पातं नेमकं कुठे होतं ते पायालाच माहीत.” तिने बसवलेले बूट घालून दोन फेऱ्या मारल्या, एक लहानशी उडी घेतली. “ओके,” ती म्हणाली. मग थांबून डाव्या पायाकडे बघत राहिली. विमानाची वेळ झाली होती.

स्पर्धेचा निकाल मी घरच्या कॉम्प्युटरवर बघितला. इटालियन भाषेतली यादी, वरून खाली. मी पहिल्या सहा ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. तिचं नाव खूप खाली होतं. आईने मागून विचारलं, “काय गं?” मी म्हटलं, “नाही आली.” त्यानंतरच्या गुरुवारी आईने घट मांडला, पण हळदीकुंकवाला कुणाला बोलावलं नाही. चपलांचा रॅक तिने उचलून घरात आणला, स्वयंपाकघराच्या दाराशी. बाबा म्हणाले, “हे काय नवीन?” “असू दे,” ती म्हणाली. आमच्या घरात चपला आत आल्या आणि मी तेही नुसतं बघितलं.

जानेवारीत मुलगी परत आली. रिंकवर मी काउंटरवर होते. तिने सराव केला नाही, कठड्याशी उभी राहून लहान मुलांचं धडपडणं बघत होती. मी तिच्यासाठी चॉकलेटचा गरम माइलो घेऊन गेले.

“पात्यामुळे झालं का?” मी विचारलं.

“माहीत नाही. डावं पातं केसभर सरकलेलं होतं. पण पहिल्या उडीला मी पडले, आणि पडायला मला पात्याची गरज कधीच नव्हती.” ती हसली नाही. “आता शाळा. ठरलं होतं तसं.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “मी त्या दिवशी बाथरूममधून बाहेर येताना तुला पाहिलं. बूट बाहेर नेताना.”

मी माइलोचा कप कठड्यावर ठेवून दिला.

“मी थांबवू शकले असते. मला वाटलं, यांच्या घराचा नियम असेल, पाहुण्याने बोलू नये. तेवढी माझीही चूक. त्याचं काही नाही. पण खाली तुझी आई बोलत होती, तेव्हा मी वाट बघत होते. तू बोलशील म्हणून.” तिने कप उचलला. “तिने आमच्या घरी लाडू पाठवले. दोन वेळा फोन करून माझ्या आईला सॉरी म्हटलं. तू तिला सांगितलंयस ना?”

मी घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. मी चपला हातात घेऊनच उभी राहिले. “आई, ते बूट मी ठेवले होते बाहेर.”

मला वाटलं, ती म्हणेल, माहीत आहे. पाच आठवडे मी त्याच एका समजुतीवर जगत होते. तिला माहीत आहे, तिने मला पाठीशी घातलं आहे, मोठी माणसं घालतातच.

तिने मटाराची शेंग खाली ठेवली. “म्हणजे? मी नाही ठेवले?”

“नाही.”

“अगं, असं कसं? मला आठवतंय ना. पिशवी उचलली, जड होती. देवीकडे बघून मनात म्हटलं, चामड्याची वस्तू आहे ही.”

“तू पुऱ्या तळत होतीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला तिने इतक्यांदा बाहेर ठेवल्या होत्या की त्यातलीच एक वेळ तिला त्या दिवसाची म्हणून आठवत होती, पिशवीच्या वजनासकट. तिने मला वाचवलं वगैरे काही नव्हतंच. त्या मुलीचं नुकसान आपल्या हातून झालं असं तिला खरोखर वाटलं होतं, आणि पाच आठवडे ती ते घेऊन स्वयंपाक करत होती, फोन करत होती, लाडू वळत होती. मी समोर होते.

“त्या मुलीला माहीत होतं?” तिने विचारलं.

“हो. तिने पाहिलं होतं.”

“आणि तुला तर माहीतच होतं. म्हणजे फक्त मलाच माहीत नव्हतं.”

मी सॉरी म्हटलं, इंग्रजीत. काय बोलायचं ते मला मराठीत सुचलं नाही. मटाराचं भांडं बाजूला सारून ती उठली आणि म्हणाली, “तो रॅक बाहेर ने.”

मी रॅक बाहेर नेला, मग एकेक जोड. ती दारात उभी होती. मी कुठली चप्पल कुठे ठेवते ते एकेक करून नीट बघत होती, पाठ करत असल्यासारखी.