पत्रिकेतली वेळ खरी मानणारे देवरामदादा

देवरामदादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी त्यांच्याविषयी लिहावे, असा सत्कार समितीचा आग्रह आहे. लिहितो. पण दादांच्या हाताखाली आठ वर्षे काढलेल्या माणसाकडून निव्वळ गोड शब्दांची अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमची पहिली भेटच वैतागाची. सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या फुलांच्या दुकानात मी सकाळी सत्यनारायणासाठी हार घ्यायला गेलो. त्यांनी विचारले, "पूजा किती वाजता?" म्हटले, "संध्याकाळी सहाला." "मग पाचला या." समोर हार टांगलेले दिसत होते, तरी दिला नाही. पाचला पुन्हा सायकल मारत गेलो, तेव्हा ताजा हार ओवून तयार होता. घरी सगळ्यांनी हाराचे कौतुक केले, माझ्या दोन खेपांचे नाव कुणी काढले नाही. पुढे त्याच दुकानात मी कामाला लागलो, यात दोष माझाच.

सुरतेत मंडप सजवणारे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यातसुद्धा ते सकाळीच फुले लावतात आणि दिवसभर त्यांवर पाणी मारत बसतात. दादांना हे खपत नाही. गिऱ्हाईक आले की त्यांचे पहिले वाक्य, "पत्रिका दाखवा." मुहूर्त पाहून ते मोगऱ्याच्या कळ्या निवडतात, त्या ओल्या फडक्यात किती वेळ ठेवायच्या आणि केव्हा बाहेर काढायच्या ते ठरवतात, म्हणजे त्या नेमक्या मुहूर्तालाच उमलतील. बमरोलीतल्या यंत्रमाग कामगारांची लग्ने दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात गल्लीतच लागत. तिथेही दादांची हीच चिकित्सा, आणि वेळ टळली की तिथेही आम्ही गिऱ्हाइकांची बोलणी खायची. पत्रिकेत छापलेली वेळ खरी मानणारे अख्ख्या सुरतेत ते एकटेच असावेत.

माझी धाकटी बहीण सुनंदा हिचे लग्न वडिलांनी कोसाडजवळच्या एका चिकूवाडीत ठरवले. वैशाख महिना, मुहूर्त संध्याकाळी पावणेसातचा. नवऱ्या मुलाचे मामा रुसण्यात नावाजलेले. "मामांना सांभाळा, बाकी काही झालं तरी चालेल," एवढाच वडिलांचा घोष. सजावट दादांना देण्याचा हट्ट माझा होता, म्हणजे मान माझीच अडकलेली.

चार वाजता वडील मंडपात आले. खांबांना चिकूची पाने आणि त्यांत शेकडो घट्ट मिटलेल्या कळ्या. "अरे, फुलं कुठंयत? मामा काय म्हणतील?" दादा शांतपणे म्हणाले, "पावणेसातला बघा."

साडेसहाला वरात अजून वळणावरच नाचत होती. दादा तरातरा तिकडे गेले आणि त्यांनी बँडच थांबवला. मामा खवळले. "तू कोन शे? वरात आमनी शे!"

दादाही खानदेशचेच. म्हणाले, "वरात तुमनी शे मामासाहेब, मोगरा कोना बापना नही."

झाले! मामा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. वडिलांनी हात जोडले, मी पाय धरले, आई आणि साऱ्या बायका विनवायला धावल्या. दादा मात्र मंडपात परतले. मामा उठले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी पुढची वेळ काढून लग्न लावले, तोवर मोगरा पुरता उमलून माना टाकायला लागला होता. "शिळी फुलं लावली," असे वरपक्षातल्या बायकांनी मला ऐकू जाईल असे म्हटले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी दादांना विचारले, "मामांशी गोड बोलता आलं नसतं का?" ते म्हणाले, "वेळ सुनंदाला दिली होती. मामांना नाही." मी चिडून दुकान सोडले.

आषाढात सुनंदा माहेरी आली. मी दादांच्या नावाने बोटे मोडत होतो. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही सगळे मामांकडे पळालात. मी मंडपात गौरीहरापाशी एकटी बसले होते. आणि एकेक कळी उघडायला लागली. वास सुटला. देवरामदादा म्हणाले, 'बघून घे पोरी, हे तुझं आहे.' तेव्हा मला वाटलं, आज माझं लग्न आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "उशीर केलास," एवढेच म्हणून दादांनी कळ्यांची पाटी माझ्यापुढे सरकवली.

आता या सत्काराच्या पत्रिकेत साडेसहाची वेळ छापली आहे. दादांनी मला तीनदा फोन करून ती खरी आहे ना, हे विचारले. स्वतःच्या सत्काराचा मोगराही तेच लावणार आहेत, आणि अध्यक्ष साडेसातच्या आत येणार नाहीत हे त्यांना सांगण्याची माझी छाती नाही.

दादांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्यावर खेकसण्याइतका आवाज शेवटपर्यंत खणखणीत राहो. सुनंदा धुळ्याहून येते आहे. ती सहालाच पुढच्या रांगेत बसणार आहे. त्या दिवशी कळ्या उमलल्या तेव्हा मी कठड्यापाशी मामांचे पाय धरून बसलो होतो. या वेळी मी तिच्या शेजारी असेन.